उपासाचा राजगिरा आणि प्रथिनांचे मोजमाप

ठाण्याच्या जुन्या वस्तीतील टेंभी नाका हा चौक महाराष्ट्रात ओळखला जातो तो मुख्यतः नवरात्रामुळे. शिवसेनेचे नेते आनंद दिघे यांनी १९७८ साली येथे सार्वजनिक नवरात्रोत्सव सुरू केला, कळव्याहून वाजतगाजत येणाऱ्या देवीच्या मिरवणुकीने त्याचा लौकिक वाढत गेला आणि आश्विनातील ते नऊ दिवस ठाण्याच्या सार्वजनिक जीवनाचे केंद्र या नाक्यावर स्थिरावले. उत्सवाच्या राजकीय बाजूवर भरपूर लिहिले गेले आहे. त्या नऊ दिवसांत नाक्याभोवतीच्या, आणि एकूणच महाराष्ट्रातील, घरांत काय शिजते, काय वर्ज्य ठरते आणि वर्ज्य धान्याच्या जागी जे येते त्याचे पोषणमूल्य किती, हा विषय त्या मानाने उपेक्षित राहिला. वास्तविक, अलीकडे उत्तम प्रथिनांचे बी म्हणून ज्या किनोव्याचा जगभर गाजावाजा झाला, त्याचा जवळचा नातलग असलेला राजगिरा या विषयाच्या मधोमध बसलेला आहे.

धान्य कशाला म्हणावे, या प्रश्नाची टेंभी नाक्याच्या परिसरात निदान तीन उत्तरे नांदतात. घटस्थापनेच्या दिवशी घरोघरी घटाखालच्या मातीत धान्य पेरले जाते, ते नऊ दिवस वाढवले आणि पूजले जाते, आणि नेमके तेच धान्य उपास करणाऱ्याच्या ताटातून या काळात हद्दपार होते. त्याच्या जागी वरी, साबुदाणा, शिंगाड्याचे पीठ, रताळी, बटाटे, शेंगदाणे आणि राजगिरा येतात. ज्यांना नऊ दिवस असा उपास झेपत नाही ते उठता-बसता, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या दिवशी, उपास करतात किंवा धान्यफराळाची सोय पत्करतात. या पद्धतीत धान्य आधी कोरडे भाजून घेतले की ते चालते. नाक्यावरच्या मुनिसुव्रतस्वामी जैन मंदिरात येणाऱ्या भाविकांचा हिशेब याच्या अगदी उलट आहे. आश्विन शुद्ध सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत चालणाऱ्या आयंबिल ओळीत दूध, दही, तूप, तेल, गूळ आणि हिरवी भाजी सोडली जाते आणि दिवसातून एकदाच उकडलेले धान्य व कडधान्य खाल्ले जाते, म्हणजे शेजारच्या घरात जे वर्ज्य तेच येथे व्रताचे अन्न ठरते. याच परिसरात १८७९ साली बांधलेले बेने इस्रायली या यहुदी समाजाचे शार हाशामाईम हे प्रार्थनागृह आहे, आणि त्यांच्या वल्हांडण सणात गहू, जव, ओट, राय आणि स्पेल्ट नावाचा जुना गहू या पाच धान्यांपासून केलेले आंबवलेले अन्न निषिद्ध असते, तांदूळ मात्र चालतो. युरोपातील बऱ्याच यहुद्यांनी पुढे तांदूळ आणि कडधान्येही वर्ज्य केली, पण कोकणात रुजलेल्या या समाजाने तो निर्बंध कधी स्वीकारला नाही.

वनस्पतिशास्त्राला यांपैकी एकही विभागणी मान्य होण्यासारखी नाही. भात, गहू, ज्वारी, बाजरी, नाचणी ही सर्व गवताच्या कुळातील एकदल पिके आहेत, आणि उपासाला राजरोस चालणारी वरी किंवा भगर हीदेखील गवतच आहे. तिला उपासात मिळालेला प्रवेश वनस्पतिशास्त्राच्या आधारावर समजावून सांगता येणार नाही. राजगिऱ्याची गोष्ट वेगळी आहे. तो द्विदल असून माठ, पोकळा, पालक, बीट आणि चाकवत यांच्या कुळातला आहे, आणि त्याच्या तुऱ्यातील बी धान्यासारखे दळता, भाजता, शिजवता येते म्हणून अशा पिकांना शास्त्रज्ञ छद्मधान्य म्हणतात. किनोवाही छद्मधान्यच. तो तर चाकवताच्याच प्रजातीतला, म्हणजे ताकातल्या पातळ भाजीसाठी मराठी घरांत आणल्या जाणाऱ्या चाकवताचा दक्षिण अमेरिकेतला भाऊ. चाकवताचे कुळ पूर्वी राजगिऱ्याच्या कुळाहून वेगळे धरत असत, परंतु १९९८ साली सपुष्प वनस्पतींच्या वर्गीकरणाची जनुकीय पुराव्यांवर फेरमांडणी झाली तेव्हा दोन्ही एकत्र करण्यात आली, आणि तेव्हापासून राजगिरा आणि किनोवा कागदोपत्रीही एका घरचे झाले.

राजगिरा भारतातला नाही. त्याच्या दाण्यासाठी पिकवल्या जाणाऱ्या तिन्ही मुख्य जाती अमेरिका खंडातल्या आहेत, आणि भाजीचा माठ व पोकळा मात्र जुन्या जगातले आहेत. आजच्या मेक्सिकोत अझ्टेक राज्यकर्त्यांच्या काळी राजगिरा हे मक्याच्या आणि घेवड्याच्या बरोबरीचे पीक होते. स्पॅनिश विजयानंतर दोनेक दशकांत तयार झालेल्या मेंदोसा चित्रपोथीत प्रांतोप्रांतींहून राजधानी तेनोच्तित्लानला येणाऱ्या खंडणीच्या नोंदी आहेत आणि त्यांत राजगिऱ्याच्या कणग्या मका, घेवडा आणि चिया यांच्यासोबत चितारलेल्या आढळतात. त्याचे महत्त्व केवळ पोटाशी निगडित नव्हते. भाजलेल्या राजगिऱ्याचे पीठ घायपाताच्या गोड पाकात मळून त्याच्या देवमूर्ती घडवल्या जात, सणाच्या दिवशी त्या पूजल्या जात आणि शेवटी तुकडे करून प्रसादासारख्या वाटून खाल्ल्या जात. बेर्नार्दिनो दे साहागून या फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकाने सोळाव्या शतकात या विधींचे तपशीलवार वर्णन लिहून ठेवले आहे. देवाचे शरीर भाविकांनी खावे ही कल्पना ख्रिस्ती धर्मोपदेशकांना आपल्याच पवित्र प्रसादविधीचे सैतानी विडंबन वाटली, आणि त्या विधींबरोबर पिकावरही वक्रदृष्टी वळली. राजगिऱ्याच्या लागवडीवर सरसकट बंदी आली होती असे लोकप्रिय पुस्तकांत हमखास छापलेले असते, परंतु विधींवरील बंदीपलीकडे तसा स्पष्ट कायदा दाखवणे अवघड आहे; देवी-गोवरासारख्या साथींनी उजाड झालेली गावे, खंडणीची मोडलेली व्यवस्था आणि गव्हाचा व गुराढोरांचा झालेला प्रवेश यांचाही त्या ऱ्हासात मोठा वाटा असला पाहिजे. कारणे काहीही असोत, जे पीक साम्राज्याच्या कोठारांत जात होते ते दुर्गम पाड्यांपुरते उरले. मेक्सिको शहराच्या दक्षिणेकडील तुल्येहुआल्को भागात आजही राजगिऱ्याच्या लाह्या मधात किंवा गुळासारख्या पाकात थापून केलेली वडी विकली जाते, आणि ठाण्याच्या वाण्याकडच्या राजगिऱ्याच्या चिक्कीशेजारी ती ठेवली तर दोन्ही ओळखून वेगळ्या करणे कठीण जाईल.

किनोव्याचे भाग्य यापेक्षा फारसे वेगळे नव्हते. अँडीज पर्वतात, विशेषतः तितिकाका सरोवराच्या परिसरात, साडेतीन-चार हजार मीटर उंचीवर जेथे मका तग धरत नाही तेथे बटाट्याबरोबर किनोव्यावर माणसे जगत. इंका राजघराण्यातील आई आणि स्पॅनिश वडील यांच्या पोटी जन्मलेल्या गार्सिलासो दे ला वेगा याने १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात किनोव्याची नोंद केली आहे, आणि स्पेनमध्ये मागवलेले त्याचे बी मेलेल्या अवस्थेत पोहोचले असेही लिहिले आहे. बटाटा आणि मका यांनी समुद्र ओलांडून जग व्यापले, किनोवा मात्र चार शतके डोंगरातच राहिला.

राजगिरा त्या काळात भारतात येऊन पोहोचला होता. तो नेमका कधी व कोणत्या मार्गाने आला यावर विद्वानांचे एकमत नाही. कोलंबसपूर्व काळातही तो आशियात असावा असा एक पक्ष आहे, परंतु जोनाथन सॉअर या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने १९५० पासून या प्रजातीवर केलेल्या अभ्यासानंतर भारतीय राजगिरा अमेरिकेतूनच आला हे मत दृढ झाले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश सर्वेक्षक फ्रान्सिस ब्युकॅनन याला तो म्हैसूर आणि कोइमतूर यांच्या दरम्यानच्या डोंगरांत पेरलेला दिसला, आणि तेथील लोक त्याच्या बियांचे पीठ करतात ही माहिती विल्यम रॉक्सबर्ग याच्या 'फ्लोरा इंडिका' या ग्रंथात आली आहे. ठाणे १७३७ पर्यंत पोर्तुगिजांच्या ताब्यात होते आणि पश्चिम किनाऱ्यावर अमेरिकी पिके उतरवणारी जहाजे प्रामुख्याने त्यांचीच होती, म्हणून राजगिराही याच बंदरांतून आला असे म्हणण्याचा मोह होतो. पण मोह हा पुरावा नव्हे. इतके निश्चित की हिमालयापासून दक्षिणेच्या डोंगरांपर्यंत तो पसरला आणि महाराष्ट्रात उपासाच्या पदार्थांत त्याने कायमची जागा मिळवली.

या पदार्थांकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. बटाटा अँडीजचा, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा, रताळे आणि मिरची उष्ण कटिबंधीय अमेरिकेची. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओकाही ब्राझीलकडचा, आणि दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातून येणारा माल थांबल्यावर तमिळनाडूतील सेलम भागात त्याचे कारखाने उभे राहिले. त्यात राजगिरा मिळवला की, वरी आणि शिंगाडा सोडले तर, मराठी उपासाचे ताट बहुतांशी अमेरिकी होते. कर्मठपणाचा सर्वात कठोर आविष्कार समजल्या जाणाऱ्या आहारात सर्वाधिक परकी वस्तू सामावल्या गेल्या, यात वरवर विसंगती वाटली तरी तर्क सरळ आहे. जुन्या व्रतनियमांत निषेध होता तो नांगरलेल्या शेतातील परिचित धान्यांचा, आणि ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे काही खायचे नाही या नियमात तो विचार अजून स्पष्ट दिसतो. जे पदार्थ निषेधाच्या यादीत नव्हतेच, कारण यादी होताना ते या देशात नव्हते, ते बिनबोभाट आत शिरले. मेक्सिकोत राजगिरा धर्माच्या अगदी गाभ्यात होता म्हणून धर्म बदलताच तो बुडाला, आणि महाराष्ट्रात तो धान्याच्या व्याख्येबाहेर राहिला म्हणून धर्मानेच त्याला तगवून धरले. एकादशी, शिवरात्र आणि नवरात्र ही गिऱ्हाइके नसती, तर राळ्यासारख्या अनेक भरडधान्यांप्रमाणे राजगिराही पंचाहत्तर-शंभर वर्षांपूर्वीच वाणसामानाच्या यादीतून गळाला असता, असे मानायला पुरेशी जागा आहे.

त्याच्या प्रथिनांचे मोल कळले ते फार उशिरा. प्रथिने म्हणजे अमिनो आम्लांच्या लांब साखळ्या. अन्नातील प्रथिने पचनात सुटी होतात आणि शरीर त्या वीस प्रकारच्या अमिनो आम्लांपासून आपली स्वतःची प्रथिने बांधते. त्यांपैकी नऊ शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत, ती अन्नातूनच मिळावी लागतात, म्हणून त्यांना आवश्यक अमिनो आम्ले म्हणतात. यांतील एकही गरजेपेक्षा कमी पडले तर बाकीची मुबलक असूनही बांधकाम तेथेच अडते, आणि जे सर्वात कमी पडते त्याला मर्यादक अमिनो आम्ल असे नाव आहे. प्रथिनाची गुणवत्ता ठरते ती या मर्यादेवरून आणि ते प्रथिन कितपत पचते यावरून. अमेरिकेत थॉमस ऑसबॉर्न आणि लाफायेट मेंडेल यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात उंदरांवर केलेल्या प्रयोगांत गव्हातील एका प्रथिनावर वाढवलेल्या पिलांची वाढ खुंटली आणि आहारात लायसीन हे अमिनो आम्ल मिसळताच ती पुन्हा सुरू झाली. गहू, तांदूळ, ज्वारी अशा बहुतेक तृणधान्यांत मर्यादक ठरते ते हेच लायसीन. प्रौढ माणसाला प्रथिनाच्या प्रत्येक ग्रॅममागे साधारण ४५ मिलिग्रॅम लायसीन हवे असे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी धरले आहे. गव्हात ते २७-२८ च्या आसपास, तांदळात ३६-३८ च्या आसपास असते, तर राजगिरा आणि किनोवा दोन्ही पन्नाशी गाठतात.

असे का होते, याचे उत्तर दाण्याच्या रचनेत आहे. गवताच्या दाण्यात अंकुर लहान असतो आणि बाकीच्या पिठूळ भागात नायट्रोजन साठवण्यासाठी वनस्पतीने लायसीन जवळजवळ नसलेली प्रथिने भरलेली असतात. राजगिरा आणि किनोवा यांच्या दाण्यात अंकुर मोठा असून तो पिठूळ गाभ्याभोवती कड्यासारखा वळलेला असतो, आणि त्यातली प्रथिने कडधान्यांतल्या प्रथिनांच्या जवळची, लायसीनने समृद्ध अशी असतात. किनोवा शिजला की प्रत्येक दाण्यातून जी पांढरी बारीक शेपटी उलगडते ती म्हणजे हा अंकुरच. राजगिऱ्याचा दाणा जेमतेम मिलिमीटरभराचा, किलोत दहा लाखांहून अधिक बसतात, त्यामुळे त्याचे कडे नुसत्या डोळ्यांना जाणवत नाही. किनोव्याच्या सालीवर सॅपोनिन नावाच्या कडू, फेसाळ द्रव्याचा थर असतो आणि तो चोळून धुतल्याशिवाय खाता येत नाही. राजगिऱ्याला तसा कडू थर नाही, म्हणून तो पाखडून, निवडून थेट कढईत टाकता येतो.

लाह्या करण्याची रीत मात्र प्रथिनांच्या बाजूने फारशी उदार नाही. जाड बुडाची कढई कडकडीत तापवून तिच्यात मूठभरच राजगिरा टाकला जातो, कापडाच्या पुरचुंडीने तो झपझप फिरवला जातो आणि काही सेकंदांत तडतडून पांढऱ्या लाह्या उठल्या की लगेच चाळणीवर काढाव्या लागतात. क्षणभर उशीर झाला तरी तळाचे दाणे करपतात. मग न फुटलेले दाणे चाळून टाकून गुळाच्या पक्क्या पाकात लाह्या घातल्या जातात आणि हाताला पाणी लावून गरम असतानाच लाडू वळले जातात. कोरड्या, तीव्र उष्णतेत लायसीन साखरेशी संयोग पावते, त्याच रासायनिक क्रियेने पदार्थाला खमंग वास आणि तपकिरी छटा येते, आणि त्या प्रमाणात शरीराला उपयोगी लायसीन घटते. म्हणजे राजगिऱ्याची जी थोरवी, तिचाच काही अंश खमंगपणाच्या किमतीत जातो. दुधात शिजवलेली राजगिऱ्याची खीर किंवा दुधाबरोबर खाल्लेल्या लाह्या ही उणीव भरून काढतात, कारण दूध लायसीनने संपन्न आहे. शिवाय राजगिऱ्यात तुलनेने कमी पडणारे ल्यूसीन हे दुसरे अमिनो आम्लही दुधात भरपूर असते. प्रमाणाचाही विचार व्हायला हवा. पंचवीस ग्रॅमच्या लाडवात निम्मा गूळ धरला तर पदरात पडणारी प्रथिने पावणेदोन ग्रॅमच्या आतबाहेर असतात, आणि ५५ किलो वजनाच्या स्त्रीची दिवसाची शिफारस केलेली गरज सुमारे ४६ ग्रॅमची आहे. गुणवत्तेची चर्चा करणारे हा साधा हिशेब पुष्कळदा विसरतात.

भारतात प्रथिनांच्या गुणवत्तेचा अभ्यास करणाऱ्यांत कमला सोहोनी हे मराठी नाव अग्रभागी आहे. केंब्रिजहून १९३९ साली डॉक्टरेट मिळवलेल्या या जीवरसायनशास्त्रज्ञ स्त्रीने बंगळूरला डाळी-कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले, कुन्नूरच्या पोषण संशोधनशाळेत काही काळ घालवला आणि स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईच्या विज्ञान संस्थेत येऊन कडधान्यांतील पचनाला अडथळा आणणारे घटक आणि नीरेचे पोषणमूल्य या विषयांवर विद्यार्थ्यांकडून संशोधन करून घेतले. गरिबाच्या ताटात आधीच असलेल्या वस्तूंपासून सुरुवात करावी, हा त्यांच्या कामामागचा विचार होता. पुढच्या दोन दशकांत मात्र जगाचे लक्ष वेगळ्याच दिशेला गेले. गरीब देशांत प्रथिनांची प्रचंड तूट आहे आणि ती भरून काढली नाही तर अरिष्ट येईल, असे संयुक्त राष्ट्रांच्या १९६८ च्या अहवालाने बजावले. त्याआधी १९६४ साली अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात लायसीन-संपन्न मक्याचा शोध लागला होता, आणि भारतात सरकारी कारखान्यांतून निघणाऱ्या मॉडर्न ब्रेडमध्ये लायसीन मिसळण्याचा प्रयोग झाला. विल्यम डाउंटन या ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या संशोधकाने १९७३ साली राजगिऱ्याच्या एका जातीतील लायसीनचे उच्च प्रमाण प्रसिद्ध केले ते याच वातावरणात, आणि शतकानुशतके उपासापुरता उरलेला दाणा एकाएकी भविष्यकाळातील पीक म्हणून गणला जाऊ लागला.

या कल्लोळात थंड डोक्याने आकडे मांडणारा माणूस सातारा जिल्ह्यातील बुध गावचा होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे संख्याशास्त्रज्ञ १९५१ पासून दोन दशके रोम येथील अन्न व शेती संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते, आणि १९७० च्या सुमारास त्यांनी भारतीय आहाराच्या पाहण्यांवरून दाखवून दिले की ज्यांना प्रथिने कमी पडतात त्यांच्यापैकी बहुतेकांना मुळात अन्नच कमी पडते. पोटभर पोळी-भाकरी आणि थोडी डाळ मिळाली तर प्रथिनांची गरज बहुतांशी भागते. अन्न अपुरे असेल तर शरीर महागडे प्रथिनही सरपणासारखे जाळून टाकते, मग त्यातील लायसीन कितीही उत्तम असो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे सी. गोपालन यांचे निष्कर्ष याच दिशेचे होते. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीच्या अहवालाने प्रथिनांच्या गरजेचे अंदाज खाली आणले, आणि १९७४ साली पोषणतज्ज्ञ डोनाल्ड मॅक्लारेन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रथिन-तुटीच्या साऱ्या प्रकरणाची महाफजिती अशा शब्दांत वासलात लावली. सुखात्म्यांच्या पुढच्या काळातील मतांवर, विशेषतः कमी अन्नाशी शरीर जुळवून घेते या प्रतिपादनावर, अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकरांनी कडाडून टीका केली आणि ती बऱ्याच अंशी रास्त होती. परंतु मूळ मुद्दा टिकला. त्या मुद्द्याला एक अपवाद होता, आणि तो कंदमुळांवर, विशेषतः टॅपिओकावर, जगणाऱ्या लोकांचा, कारण या पिठात प्रथिने नसल्यातच जमा असतात. साबुदाण्याची खिचडी हे त्या अपवादाचे घरगुती रूप आहे, आणि तिच्यात मुक्तहस्ते पडणारे दाण्याचे कूट हेच तिचे जवळपास सगळे प्रथिन.

वाद पुस्तकी नव्हता, हे ठाणे जिल्ह्यालाच अनुभवावे लागले. तेव्हा ठाणे जिल्ह्यात आणि २०१४ पासून पालघर जिल्ह्यात असलेल्या जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे १९९२ साली आदिवासी बालकांचे कुपोषणाने मृत्यू झाले आणि महाराष्ट्र हादरला. हा डोंगराळ भाग नाचणी आणि वरी पिकवणारा आहे; शहरातल्या उपासाला लागणारी भगर ज्या पट्ट्यातून येते त्यातलाच एक, आणि पावसाळ्यात साठवण संपली की तेथील कुटुंबांना रोजगारासाठी गाव सोडावे लागत असे. तेथील मुलांच्या ताटात उणीव लायसीनची होती असे म्हणणे क्रूर ठरेल. राज्य सरकारने २०१५ साली आदिवासी भागांत सुरू केलेल्या अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना दिवसातून एक वेळचे चौरस, गरम जेवण देण्याची तरतूद झाली ती याच जाणिवेतून, आणि त्यात भात, पोळी, डाळ, भाजी, शेंगदाण्याचे लाडू, अंडी अशा वस्तू होत्या.

वरणभाताचा न्याय येथे लक्षात घेण्याजोगा आहे. तुरीच्या डाळीतील प्रथिनात लायसीन भरपूर असते पण गंधकयुक्त अमिनो आम्ले कमी पडतात, तांदळात नेमके उलट असते, आणि दोन्ही एकत्र खाल्ले की एकाची कमतरता दुसरे झाकते. त्यामुळे किनोवा किंवा राजगिरा एकट्याने जे साधतो ते मराठी जेवण दोन स्वस्त वस्तूंच्या जोडीने रोज साधत आले आहे. राजगिऱ्याची खरी किंमत उपासाच्या दिवशी आहे, कारण त्या दिवशी डाळ आणि भात दोन्ही ताटाबाहेर असतात. साबुदाणा, बटाटा आणि रताळे यांच्या त्या पिठूळ पंगतीत प्रथिनांचा भार दूध-दह्याबरोबर दाण्याचे कूट आणि राजगिरा हेच वाहतात. त्याची दुसरी थोरवी कॅल्शियमची आहे, शंभर ग्रॅममध्ये दीडशे मिलिग्रॅमहून अधिक, जेव्हा तांदळात ते दहाच्या आसपास असते. आयंबिल करणाऱ्या शेजाऱ्याला मात्र दूध वर्ज्य असूनही प्रथिनांची चिंता नाही, कारण त्याच्या बेचव, बिनतेलाच्या ताटात धान्य आणि कडधान्य एकत्र नांदतात.

राजगिऱ्याचे वैज्ञानिक चरित्र पुढे अनपेक्षित वळणे घेत राहिले. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात आशिष दत्ता यांच्या प्रयोगशाळेने त्यातील एका प्रथिनाचे जनुक वेगळे केले आणि ते बटाट्यात घालून प्रथिनसंपन्न बटाटा तयार केल्याचे २००० साली जाहीर केले. शाळेच्या आहारात तो देण्याची कल्पना तीनेक वर्षांनी पुढे येताच त्यावर देशात आणि परदेशात मोठी वादावादी झाली, आणि तो बटाटा बाजारात आला नाही. उपासाच्या दृष्टीने पाहिले तर हा अगदीच निरुपद्रवी संकर होता, कारण दोन्ही घटक आधीपासून फराळाच्या यादीत होते.

किनोव्याचे भाग्य उजळले ते संयुक्त राष्ट्रांनी २०१३ हे आंतरराष्ट्रीय किनोवा वर्ष म्हणून पाळले तेव्हा, आणि त्यानंतर तो भारतीय शहरांतील दुकानांत दिसू लागला. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटक तक्त्यांत दोघे एकाच गटात, शेजारीपाजारी नोंदलेले आहेत: शंभर ग्रॅममध्ये किनोव्यात सुमारे १३ ग्रॅम प्रथिने, राजगिऱ्यात प्रकारानुसार १३ ते साडेचौदा, आणि तुलनेला तांदळात सुमारे ८, गव्हात साडेदहा. या आकड्यांत किनोव्यासाठी जादा पैसे मोजावेत असे काही नाही. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१८ मध्ये, केंद्र सरकारने ज्वारी, बाजरी, नाचणी आणि इतर भरडधान्ये यांना पौष्टिक धान्ये म्हणून अधिसूचित केले तेव्हा त्या यादीत कुट्टू आणि राजगिरा यांचाही समावेश केला. अशा रीतीने राजपत्राच्या लेखी राजगिरा धान्य झाला, परंतु एकादशीच्या ताटातील त्याच्या स्थानाला त्याने धक्का लागलेला नाही. किनोव्याचा धार्मिक निकाल मात्र अजून सर्वत्र लागलेला नाही. अमेरिकेतील एका मान्यवर यहुदी प्रमाणन संस्थेने २०१३ च्या अखेरीस तो वल्हांडणाला चालतो असा कौल दिला, कारण तो पाच धान्यांपैकी नाही आणि जुन्या युरोपीय निषेधाच्या वेळी तो तेथे माहीतही नव्हता. मराठी घरांत मात्र राजगिऱ्याचा भाऊबंद म्हणून काहीजण त्याची उपासाची खिचडी करतात, आणि काहीजण दुकानात तो तांदूळ-गव्हाच्या फळीवर ठेवलेला पाहून धान्य समजतात आणि नवरात्रात टाळतात.